बसायला शिकवणारे सर

धावायला शिकवणारे गुरू जगात पुष्कळ झाले असतील. बसायला शिकवणारा एकच झाला, आणि तो आमच्या वाट्याला आला. पुलगावहून आर्वीला जाणाऱ्या छोट्या रेल्वेच्या वाटेवर आमचं गाव होतं. गावात एक हायस्कूल होतं, आणि त्या हायस्कुलात भूगोल आणि खेळ हे दोन्ही विषय एकाच माणसाकडे होते. आम्ही त्यांना नुसतं 'सर' म्हणत असू. शाळेत आणखीही सर होते, पण ते कोणते हे कळण्यासाठी त्यांच्यामागे आडनाव लावावं लागे. यांना ती गरज पडली नाही. उंच, काटकुळा देह, गुडघ्यापर्यंत खोचलेलं धोतर, पायांत कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात पितळेची शिट्टी. ही शिट्टी बुटाच्याच नाडीला बांधलेली असे. त्यामुळे एका बुटाला नाडी नसे, आणि तो बूट पायातून निसटू नये म्हणून सर एक पाय जरा घासत चालत. आमच्या खेळाच्या मास्तरांना धावताना कोणी पाहिलं नाही, त्याचं एक कारण हा बूट असावा.

दुसरं कारण तात्त्विक होतं. खो-खोत पाठलाग करणारे नऊ गडी असतात. त्यांतला एक धावतो आणि बाकीचे आठ दोन खांबांच्या मधल्या रांगेत, एकाआड एक उलट दिशांना तोंडं करून, उकिडवे बसतात. धावणाऱ्यानं मागून येऊन बसलेल्याच्या पाठीवर हात ठेवायचा, 'खो' म्हणायचं, मग त्यानं उठून धावायचं आणि यानं त्याच्या जागी बसायचं. हा खेळ सारं जग धावण्याचा खेळ समजतं. सरांनी त्याकडे भूगोलाच्या मास्तराच्या नजरेनं पाहिलं, म्हणजे जास्त प्रदेश कोणाचा आहे ते पाहिलं. "एक धावते, आठ बसते," ते म्हणत. "मंग खेळ कोणाचा झाला? बसणाऱ्याचा. धावणं तं कुत्र्यालेई येते. तू बसून दाखव."

आणि आम्ही बसून दाखवत असू. दिवाळीच्या सुट्टीनंतर खेळाचा सराव सुरू झाला की पहिले कित्येक दिवस कोणी एक पाऊलही धावत नसे. चुन्याच्या फक्कीनं आखलेल्या चौकटींत आठ पोरं उकिडवी बसलेली, हाताची बोटं जमिनीला टेकलेली, मान ताठ, आणि सर मधून एक बूट घासत फिरताहेत. कोणी कूस बदलली की शिट्टी. कोणी माशी हाकलली की शिट्टी. गावातले लोक कापसाच्या गाड्या घेऊन मैदानाच्या कडेनं जात, आणि शाळेनं एवढ्या पोरांना एकदम कसली शिक्षा केली म्हणून गाडी थांबवून विचारत. एकदा एक बकरी चरत चरत आली आणि एका गड्याचा कान चाटू लागली. तो हलला नाही. सरांनी बकरीचं समाधान होईपर्यंत वाट पाहिली आणि मग त्याच्याजवळ जाऊन म्हणाले, "बकरीले तू दगड वाटला. आता तू गडी झाला." सरांकडून मिळालेलं याहून मोठं प्रशस्तिपत्र तोवर कोणाच्या नावावर नव्हतं.

या तत्त्वाचं प्रात्यक्षिक त्यांनी एकदा भर बाजारात करून दाखवलं होतं. आठवडी बाजारात एक बैल उधळला. सारा बाजार पळाला, भाजीवाल्या बायका टोपल्या टाकून पळाल्या, आमचे हेडमास्तर आपल्या वयाला आणि कोटाला न शोभेल अशा वेगानं एका कापडाच्या दुकानात शिरले. सर जागच्या जागी उकिडवे बसले. बैल आला, त्यानं सरांकडे पाहिलं, आणि हा प्रकार आपल्या अनुभवात बसत नाही असं वाटून बाजूनं निघून गेला. थोडं पुढे जाऊन तो पुन्हा मागे वळला, तेव्हा मात्र सरांनी शिट्टी वाजवली. बैलाच्या उधळण्याला त्यांची हरकत नव्हती. मागे वळण्याला होती.

कारण खो-खोचा दुसरा नियम तो. खो मिळाला की गड्यानं एक दिशा धरायची आणि खांबापर्यंत तीच ठेवायची. मध्येच खांदा वळवला की फाऊल. सरांनी हा नियम मैदानाबाहेरही लागू केला होता. एका लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलबीचं ताट घेऊन अर्ध्या रांगेपर्यंत आला आणि कोणी मागून हाक मारली म्हणून परत फिरला. सरांचा हात आपोआप गळ्याकडे गेला आणि मांडवात अशी शिट्टी वाजली की पलीकडे बँडवाल्यांना वाटलं, आपल्यालाच थांबायला सांगितलं. "आता फिरून ये बाबू," सर त्या वाढप्याला म्हणाले, "पह्यले त्या टोकाले जा, खांबाले वळसा घाल, मंग इकडं ये." नवऱ्या मुलाचे काका चिडले. वाढपी मात्र निमूटपणे मांडवाच्या खांबाला वळसा घालून आला. तो सरांचा जुना विद्यार्थी होता. "खो भेटला का पुढं जायचं," सर आम्हाला सांगत. "मागं पाह्यचं काम पंचाचं. तुमचं नाई."

मैदानावर एवढं बसवल्याची भरपाई सर भूगोलाच्या तासाला करत. भूगोल आम्ही धावत शिकलो. वर्गातल्या भिंतीवरच्या नकाशावर त्यांचा विश्वास नव्हता, त्यावरच्या नद्या वाहत नाहीत म्हणून. ते मैदानावर फक्कीनं सातपुडा काढत आणि पोरांना नद्या करून सोडत. वर्धा नदी झालेल्या पोरानं सातपुड्यातून निघून दक्षिणेकडे धावायचं, वैनगंगा झालेल्यानं दुसऱ्या बाजूनं यायचं, दोघांनी हात धरायचे आणि तिथून प्राणहिता होऊन गोदावरीला मिळायचं. एक दिवस वैनगंगेला ताप आला होता. वर्धा बिचारी संगमावर पोहोचली आणि तास संपेपर्यंत तिथेच उन्हात उभी राहिली. आम्ही म्हटलं, सर, तिला जाऊ द्या. सर म्हणाले, "एकटी कशी जाईल? भूगोल हाय हा, मनमर्जी नाई."

खो-खोच्या मैदानालाही त्यांनी भूगोल लावला होता. एक खांब पुलगाव, दुसरा आर्वी, आणि मधल्या आठ चौकटी म्हणजे वाटेवरची गावं. सोरटा, विरूळ, रोहणा ही खरी स्टेशनं होती. ती आठ भरली नाहीत तेव्हा सरांनी ज्या गावांना रेल्वेनं स्टेशन दिलं नव्हतं त्यांना आपल्या अधिकारात दिलं. त्यांत आमचं गाव होतं. छोटी गाडी शाळेच्या मैदानामागून रोज जाई आणि थांबत नसे. तिची गती पाहता थांबण्याची फारशी गरजही नव्हती, धट्टीकट्टी माणसं चालत्या गाडीत चढत आणि उतरत. पण सरांना तो गावाचा अपमान वाटे. गाडी दिसली की ते शिट्टी वाजवत. गाडीही वाजवी. एवढ्यावर दोघांचं भागत असे.

मी त्या काळी अशक्त, अबोल आणि पुस्तकात तोंड खुपसून बसणारा होतो. मला संघात घेतल्याचं ऐकून माझ्या घरचेही हसले. सरांनी मला वाचनालयाच्या पायरीवर पाहिलं होतं. मी वाचत होतो आणि माझ्या पायावर मुंगळे चढत होते, आणि म्हणे मला त्याचा पत्ता नव्हता. "याले बसता येते," सरांनी जाहीर केलं. मला त्यांनी आमच्या गावाची चौकट दिली. "तू आपल्या गावातच बस. दूर पाठवला तं रस्त्यात पुस्तक वाचत बसशील."

संघात धावणारा खरा एकच होता. त्याचं नाव सुखदेव. अंगानं सडसडीत, पायांत काही नाही, आणि आवाज असा की त्यानं 'खो' म्हटलं की रेल्वेच्या तारेवरचे पक्षी उडत. मी संघात आलो त्या हिवाळ्याच्या आधी त्याच्या घरच्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. सरांचा नियम होता की खो देताना पूर्ण पंजा पाठीवर पडला पाहिजे. नुसती बोटं लावली की ते म्हणत, "भाकर भाजून राह्यला का? तवा गरम हाय का?" आणि तोंडानं शब्द स्पष्ट आला पाहिजे. हात अन् आवाज, दोन्ही. एक असला आणि एक नसला तर तो खो नाही, आणि तशा खोवर जो उठेल त्याला सर संपूर्ण आठवडाभर बसवत. तर सुखदेवचा पूर्ण पंजा सगळ्यांच्या पाठीवर पडू लागला, आणि गावातले एक वजनदार गृहस्थ शाळेत आले. त्यांचा मुलगा रोहण्याच्या चौकटीत बसत असे.

"मास्तर, आमच्या पोराच्या पाठीले कोणीबी हात लावते," ते म्हणाले.

सर फक्की पाडत होते. त्यांनी रेघ पुरी केली. "हात लावला, मंग काय झालं?"

"काय झालं म्हंजे?"

"मी सांगतो काय झालं. तुमचा पोरगा उठला. इतक्या दिवसांत पह्यल्यांदा वेळेवर उठला. आता उठणं वाईट हाय का, सांगा."

गृहस्थांनी मुलाला काढून घेतलं. आठवड्याभरानं तो मुलगा आपणहून रोहण्यात येऊन बसला आणि सरांनी, तो मधे कुठे गेला होता हे विचारलं नाही.

त्याच सुमारास आमचा जिल्हा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला. आम्ही मध्य प्रदेशात झोपलो आणि मुंबई राज्यात उठलो. भूगोलाच्या मास्तराच्या दृष्टीनं हा आघातच होता. आम्ही विचारलं, "सर, आता आपली राजधानी कोणती लिहायची?" सरांनी बराच वेळ रेल्वेच्या रुळांकडे पाहिलं. "राजधानी बदलते बाबू," ते म्हणाले, "नदी बदलत नाई. पह्यले नदी पाठ कर, मंग राजधानीचं पाहू." पण राज्याबरोबर बाकीच्याही गोष्टी बदलू लागल्या होत्या. एक दिवस आम्ही सरावासाठी बसलेले असताना हेडमास्तर मैदानावर आले आणि सरांना बाजूला घेऊन बोलू लागले. ती बाजू नेमकी माझ्या चौकटीच्या मागे होती. बसलेल्या गड्यानं हलायचं नाही हा सरांचाच नियम असल्यामुळे मला सगळं ऐकावं लागलं.

"शाळा समिती म्हणते, आता खेळाला शिकलेला मास्तर पाहिजे," हेडमास्तर म्हणाले. "प्रमाणपत्रवाला. कवायत, डंबेल्स, सगळं शिस्तीत. एक अर्ज आलेलाही आहे."

"अन् मी?"

"तुम्ही भूगोल शिकवा. चांगला शिकवता. वर्गात शिकवाल तर आणखी चांगला." मग जरा थांबून म्हणाले, "हे पाहा, मी तुमच्या विरुद्ध नाही. आर्वीला शाळांचे सामने आहेत. तिथून ढाल आणली तर समितीला सांगायला मला तोंड राहील. पोरांना फक्त बसवता, अशी गावात चर्चा आहे."

हेडमास्तर गेल्यावर सर माझ्या समोर आले, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "ऐकलं ना? आता बाकीच्याइले सांगू नोको." मी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. त्या दिवशी सर्वांच्याच चौकटी जवळ होत्या.

त्या दिवसापासून आम्ही जे बसलो, तसे तपाला बसलेले ऋषीही बसले नसतील. सुखदेव धावत होता आणि बाकीचे आम्ही सरांचं मैदान राखायचं म्हणून जीव ओतून बसत होतो. मैदान गेलं तर सर वर्गात गेले असते, आणि वर्गात नद्या वाहत नव्हत्या, हे आम्हालाही कळत होतं.

आर्वीला जायच्या दिवशी आम्ही पुढच्या स्टेशनापर्यंत पायी गेलो आणि गाडीत बसलो. सर दारात उभे. गाडी निघाल्यावर त्यांना एक कल्पना सुचली, आणि त्यांच्या कल्पनांना आम्ही कधी विरोध केला नव्हता. "प्रत्येक स्टेशनाले खो द्या," ते म्हणाले. "मैदानावर यायनंच आपल्याले साथ दिली. आता खऱ्या विरूळले देऊ, खऱ्या रोहण्याले देऊ." मग काय विचारता. गाडी स्टेशनात शिरली की आम्ही खिडक्यांतून 'खो' असा पुकारा करत असू. फलाटावरच्या बायका पदर सावरून पाहत. एका स्टेशनमास्तरनं हिरवा झेंडा खाली घेतला, काही अपघात झाला असं वाटून. ज्या गावांना स्टेशन नव्हतं त्यांनाही सरांनी वगळलं नाही, उलट त्यांना जास्त मोठ्यानं द्यायला लावलं. सगळ्यांत मोठा आवाज सुखदेवचा. सर त्याची पाठ थोपटत होते आणि म्हणत होते, "आणखी. आर्वीले ऐकू गेलं पाह्यजे." ते आर्वीला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. आपण गाडीच्या खिडक्यांतून काय खर्चून टाकतो आहोत, हे मात्र आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आलं नाही.

सकाळचे सामने आम्ही जिंकलो. आमच्यासारखं बसणारं तिथे कोणी नव्हतं, हे प्रतिस्पर्धीही मान्य करत होते. दुपारी शेवटचा सामना यजमान गावाच्या संघाशी लागला. मैदानाभोवती माणसांची भिंत, आरडाओरड, उन्हानं तापलेली माती. शेवटच्या पाळीत पाठलाग आमचा होता. त्यांचा एक गडी बाद झाला की ढाल आमची, आणि नाही झाला तर त्यांची. वेळ संपत आला होता. मी आमच्या गावात बसलो होतो. सुखदेव माझ्या मागच्या बाजूनं धावत होता, त्याचे पाय मला जमिनीतून ऐकू येत होते. त्यांचा गडी दमला होता. तो रांगेतून वळसा घेऊन निसटला आणि नेमका माझ्या पुढ्यात आला, हाताच्या अंतरावर.

आणि माझ्या पाठीवर पंजा पडला. पूर्ण पंजा, पाचही बोटं.

मी शब्दाची वाट पाहिली. शब्द आला नाही. मानेवर नुसता गरम वारा आला. सुखदेवचं तोंड उघडलं होतं, त्यानं सारा जीव एकवटून 'खो' म्हटलं होतं, पण म्हणायला लागतो तो आवाज विरूळ आणि रोहण्याच्या फलाटांवर राहिला होता. माझ्या समोरचा तो गडी बिचारा बाद व्हायला तयार उभा होता. त्यालाही वाटलं होतं की खो मिळाला. त्यानं जवळजवळ हात पुढे केला होता. पंचही, नंतर कळलं, मला उठलेला धरूनच चालले होते. मी उठलो असतो तर आक्षेप घेणारा त्या मैदानावर कोणी नव्हता. मी उठलो नाही. मला हे करायचं की ते, असा विचारही मनात आला नाही. हात आला होता, आवाज आला नव्हता. म्हणजे खो नव्हता. एवढंच. मग वेळ संपल्याची शिट्टी झाली.

पोरं माझ्यावर धावून आली. कोणी म्हणालं, "बहिरा हाय का बे?" कोणी म्हणालं, "अबे, गाडी याच्या स्टेशनावर थांबली, अन् हाच चढला नाई." हेडमास्तर छत्री टेकत आले. त्यांच्यामागून एक बूट घासत सर आले. मी अजून बसलेलोच होतो, कारण उठायला कोणी सांगितलं नव्हतं. आता थोबाडीत बसणार या तयारीनं मी डोळे मिटले. सर माझ्याभोवती एक चक्कर मारून आले, एखादं देऊळ पाहावं तसे.

"पाह्यलं का?" ते हेडमास्तरांना म्हणाले. "बसला."

"ढाल गेली मास्तर," हेडमास्तर म्हणाले.

"ते मी पाह्यलं. पण बसला कसा, ते तुम्ही पाह्यलं का?"

हेडमास्तरांनी सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि दोघांचाही उपयोग नाही असं ठरवून ते गेले. सरांचे डोळे भरले होते. ते ढालीसाठी भरले होते, मैदानासाठी की माझ्या बैठकीसाठी, हे तेव्हा कळलं नाही आणि पुढे विचारायचं धाडस झालं नाही.

परतीच्या प्रवासात एकाही स्टेशनाला खो मिळाला नाही. सुखदेवचा घसा पुढे बरेच दिवस बंद होता. आवाज आल्यावर त्यानं मला पहिला प्रश्न तोच विचारला. "काऊन नाई उठला बे?"

"आवाज नाही आला."

"हात तं लागला होता ना?"

"लागला होता."

"मले वाटलं मी बोललो," तो म्हणाला.

नवे मास्तर आले. प्रमाणपत्र घेऊन, पांढरी पँट घालून, आणि खरं सांगायचं तर माणूस चांगला होता. मैदानावर रांगा लागू लागल्या, डंबेल्स एका वेळी वर आणि एका वेळी खाली जाऊ लागले. शाळा पुढे कशाकशात जिंकलीही. सर वर्गात भूगोल शिकवू लागले, आणि संध्याकाळी शाळेच्या पायरीवर मैदानाकडे पाठ करून उकिडवे बसू लागले. आम्हाला वाटे, ते रुसले. एकदा मी धीर करून विचारलं. ते म्हणाले, "एकाआड एक उलट तोंड करून बसते ना गडी? मी माह्या चौकटीत हाव." गाडी गेली की मात्र ते शिट्टी वाजवत. तेवढ्यापुरतं समितीनं दुर्लक्ष केलं होतं.

पुढे मी वर्ध्याला एका ग्रंथालयात नोकरीला लागलो आणि निवृत्त होईपर्यंत एकाच खुर्चीवर बसलो. माझ्या सहकाऱ्यांना माझ्या चिकाटीचं नवल वाटे. ती मी कुठे शिकलो हे त्यांना सांगून पटलं नसतं. सुखदेव पोस्टात गेला, म्हणजे आयुष्यभर तोच धावला. सरांना भेटायला मी वर्षातून एखाद्या वेळी गावी जात असे. ते फारसे बदलत नव्हते, फक्त बसल्यावर उठायला त्यांना वेळ लागू लागला होता.

शेवटी गेलो तेव्हा त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. वाचा गेली होती, एक बाजू गेली होती, शिट्टी राहिली होती. पाणी पाहिजे असलं की ते अर्ध्या तोंडानं शिट्टी वाजवत आणि सरांच्या पत्नी, आमच्या काकू, आतून म्हणत, "आली, आली. नवऱ्याच्या घरी आली का मैदानावर, तेच समजत नाई मले." पण हे म्हणताना त्यांचे हात भराभर तांब्या शोधत असत. मी खाटेजवळ स्टुलावर बसलो, त्यांच्याकडे पाठ येईल असा, कारण काकू समोर चहा घेऊन बसल्या होत्या आणि त्यांच्याशी बोलणं चाललं होतं. संध्याकाळच्या एस.टी.ची वेळ होत आली. "गाडी चुकेल तुमची," काकू म्हणाल्या. "सर, येतो मग," म्हणून मी उठणार, तोच पाठीवर पंजा पडला.

पूर्ण पंजा. पाचही बोटं. हलका, पण नियमात बसणारा.

मी थांबलो. आवाज यायचा नव्हता, हे मला माहीत होतं. काकू म्हणाल्या, "अहो, ते म्हणून राह्यले, निघा आता." मी बसून राहिलो. बाहेर एस.टी.चा हॉर्न वाजला, गाडी फाट्यावर थांबली, निघाली, आणि तिचा आवाज पुलगावच्या दिशेला विरून गेला. मग मी मान न वळवता खाटेकडे डोळा टाकला. सरांचा एक हात माझ्या पाठीवर होता आणि ओठांत शिट्टी तयार होती. मी उठलो असतो तर ती वाजली असती. त्यांच्या चेहऱ्याची जी बाजू हसू शकत होती ती हसत होती. त्या रात्री मी त्यांच्याकडेच राहिलो. काकूंनी पिठलं-भाकर केली आणि दोघांनाही नावं ठेवली.

गेल्या महिन्यात सर गेले. नदीकाठी लोक जमले, तेव्हा त्यांत आम्ही जुन्या संघातले थोडेच होतो, आणि उकिडवं बसणं तर आता कोणालाच जमत नव्हतं. मी बसलो. गुडघे दुखले तरी बसलो. चिता शांत होत आली, लोक एकेक करून उठले, बोलत बोलत गाड्यांकडे निघाले. मी कशाची वाट पाहत होतो हे मला सांगता आलं नसतं. मग पाठीवर पंजा पडला. तो कोणाचा हे वळून पाहायची गरज नव्हती. सरांनी अट घातली होती तसा, पूर्ण.

"खो," सुखदेव म्हणाला. म्हातारा, घोगरा आवाज होता, पण स्पष्ट. "आता तं ऐकू आलं ना?"

ऐकू आलं होतं. मी उठलो, आणि माझ्या जागी तो बसला.

खो मिळालेल्या गड्यानं मागे वळून पाहायचं नसतं. स्मशानातून निघालेल्या माणसानंही पाहायचं नसतं. हे दोन्ही नियम मला पाठ आहेत. तरी काठ चढून वर आल्यावर मी थांबलो आणि वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

शिट्टी वाजली नाही.